खोड, पान आणि एकोणऐंशी

आमच्या गणितात झाडे भरपूर होती. बागेत इतक्या रांगा, रांगेत इतकी झाडे, वादळात इतकी पडली, तर उरली किती. पण ती झाडे उदाहरण सुटेपर्यंतच उभी असायची. उत्तराखाली दुहेरी रेघ मारली की बाग साफ. त्यामुळे इंग्लंडात शाळेत जाणाऱ्या भाचीने वहीचा फोटो पाठवून खाली लिहिले, "मामा, माझं स्टेम अँड लीफ चेक कर ना", तेव्हा तिच्या आजीने विज्ञानाची वही समजून चष्मा काढून ठेवला. मग फोटो मोठा करून पाहिला. ना खोड, ना पान. मधोमध एक उभी रेघ, डावीकडे एकाखाली एक ०, १, २, ३, ४, आणि उजवीकडे कुठे चार अंक, कुठे सात, कुठे एकच.

"हे पाढे अर्धवट सोडलेत का गं?" आजीने विचारले.

पाढे नव्हते. वर्गातल्या कुणाला शाळेत पोचायला किती मिनिटे लागतात ते भाचीने विचारून आणले होते. ज्याला ३४ मिनिटे लागतात त्याचा दशकातला ३ रेघेच्या डावीकडे, म्हणजे खोडावर. एककातला ४ उजवीकडे, म्हणजे पान. दुसऱ्या कुणाला ३७ लागत असतील तर ३ पुन्हा लिहायचा नाही, त्याच ओळीत ७ टाकायचा. शेजारीच राहणाऱ्या पोराला ५ मिनिटे लागतात, त्याचे खोड शून्य. सगळी पाने टाकून झाली की प्रत्येक ओळ चढत्या क्रमाने पुन्हा मांडायची. एवढीच कृती. पेन्सिल आणि पट्टी पुरते. कंपास, कोनमापक आणि रंगीत खडू या तिघांनाही सुट्टी.

भाचीने सगळे बरोबर केले होते, तरी एक मार्क गेला होता. तिने किल्ली लिहिली नव्हती. किल्ली म्हणजे आकृतीखालची एक ओळ: ३ | ४ म्हणजे ३४ मिनिटे. "सगळ्यांना कळतंच की ते," ती फणकारली. मला तो मार्क कापणे अगदी रास्त वाटले. किल्ली नसेल तर तेच ३ | ४ म्हणजे ३.४ किलो असू शकते, ३४० रुपयेही असू शकतात. आकडा कितीचा आहे ते आपण गृहीत धरतो आणि समोरचा दुसरेच गृहीत धरतो. "पाच मिनिटांत पोचतो" या वाक्याखाली महाराष्ट्रात किल्ली लिहायची पद्धत असती, तर कितीतरी लग्नांचे मुहूर्त टळले नसते.

या आकृतीला घरोघरी पोचवणारे गृहस्थ म्हणजे जॉन टुकी. जन्म १९१५, मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डचा. आईवडील दोघेही शिक्षक, आणि मुलाचे शिक्षण बहुतेक घरीच. म्हणजे जगभरची पोरे शाळेत जी आकृती काढतात तिचा पुरस्कर्ता स्वतः शाळेच्या बाकावर फारसा बसलाच नाही. पुढे ब्राउन विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, प्रिन्स्टनला जाऊन १९३९मध्ये गणितात डॉक्टरेट मिळवली, आणि तिथेच व बेल लॅबमध्ये आयुष्य काढले. संगणकातला 'बिट' हा शब्द त्यांचा. 'सॉफ्टवेअर' हा शब्द आजच्या अर्थाने छापून आणणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते, साल १९५८. १९६५मध्ये कुली या गणितज्ञाबरोबर त्यांनी मांडलेल्या गणिती युक्तीवर ध्वनी, चित्र आणि लहरींचे अर्धे तंत्रज्ञान चालते. आणि एवढा मोठा माणूस १९७७ साली जाडजूड पुस्तक काढतो कशावर, तर कागद-पेन्सिल घेऊन आकड्यांकडे नुसते नीट कसे बघावे यावर! त्यात खोड-पान आहे, पेटी आणि मिशांची आकृती आहे, ज्वालामुखींच्या उंचींची मांडणी आहे. सिद्ध वगैरे नंतर करा, आधी बघा, असा एकूण सूर.

त्याच पुस्तकात त्यांनी आपल्या ताळ्याच्या खुणांवरही आक्षेप घेतला आहे. आपण चार उभ्या रेघा मारतो आणि पाचवी आडवी. टुकींचे म्हणणे असे, की घाईत चारच्या तीन किंवा पाच रेघा होतात आणि नजरेला पत्ता लागत नाही. त्यांचा उपाय: आधी चौकोनाच्या चार कोपऱ्यांचे चार ठिपके, मग त्यांना जोडणाऱ्या चार बाजू, मग दोन कर्ण. झाले दहा. दिसायला ते पतंगासारखे दिसते आणि चुकायला जागा राहत नाही. मी हे दुधवाल्याच्या कॅलेंडरवर करून पाहावे म्हणतो. दुधवाल्याला पटवणे हा वेगळा विषय.

भाचीला सरावासाठी आकडे हवे होते. मिनिटांचा तिला कंटाळा आला होता, म्हणून आजीने सुचवले, मराठी कवी घे. कोण किती वर्षे जगला. विषय जरा सुतकी आहे, पण आजीला कवींच्या जन्ममृत्यूच्या तारखा नातेवाइकांच्या असाव्यात तशा पाठ आहेत. पूर्ण झालेली वर्षे तेवढी धरायची असे ठरले. अमुक कवी का घेतला नाही, असे कुणी विचारू नये. आजीच्या जिभेवर जे आले ते घेतले.

बालकवी सत्तावीस. खानदेशात भादलीजवळ आगगाडीखाली सापडून गेले. गोविंदाग्रज तेहेतीस. केशवसुत एकोणचाळीस, प्लेगने. माधव ज्युलियन पंचेचाळीस. मर्ढेकर शेहेचाळीस आणि आरती प्रभूही शेहेचाळीस. गदिमा अठ्ठावन्न, ढसाळ चौसष्ट, सुरेश भट सत्तर, बहिणाबाई एकाहत्तर, बोरकर त्र्याहत्तर, शांता शेळके एकोणऐंशी, वसंत बापट ऐंशी, महानोर ऐंशी, सुर्वे त्र्याऐंशी, इंदिरा संत शहाऐंशी, पाडगावकर शहाऐंशी, कुसुमाग्रज सत्त्याऐंशी, विंदा एक्क्याण्णव.

खरी गंमत या सांगण्यात झाली. आजी व्हिडिओ कॉलवर वाचत होती आणि नात तिकडे लिहीत होती. "एकोणऐंशी" ऐकताच तिने पेन्सिल सरळ ८च्या ओळीवर नेली आणि अडली. "आजी, आठच्या स्टेमवर काय लिहू? मायनस वन?"

आजी हसली, पण पोरीचे काही चुकत नव्हते. आपण मराठीत आधी पान सांगतो, मग खोड. सत्तावीस म्हणजे आधी सात, मग वीस. पंचेचाळीस म्हणजे आधी पाच. इथवर ठीक, आकृती उलटी धरली की झाले. पण एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी ही मंडळी राहतात एका घरात आणि पत्ता देतात शेजारच्या घराचा. ७९चे पान सातच्या खोडावर, नाव मात्र ऐंशीचे. नव्याण्णवने तेवढा बाणा राखला आहे. तो स्वतःला एकोणशंभर म्हणवून घेत नाही. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या, की लहान मुलांना जोडाक्षरे आणि उलटे क्रम जड जातात, म्हणून हा एक पर्याय दिला आहे. त्या वेळी मीही घरच्या घरी पुष्कळ खवळलो होतो, आणि एकोणऐंशीवर माझे प्रेम अजूनही आहे. पण खोड-पान आकृतीपुरते बोलायचे तर 'सत्तर नऊ' हे वाचन तिच्या मापाचे आहे, हे मान्य करायला हवे.

तर ती आकृती अशी झाली:

२ | ७
३ | ३ ९
४ | ५ ६ ६
५ | ८
६ | ४
७ | ० १ ३ ९
८ | ० ० ३ ६ ६ ७
९ | १

किल्ली: ७ | १ म्हणजे ७१ वर्षे.

यात मुले कुठे घसरतात तेही सांगून टाकतो. शेहेचाळीस दोनदा आले आहे, तर ६ दोनदाच लिहायचा. "एकदा लिहिलाय की" म्हणून दुसरा गाळला तर एक कवी गेला. मर्ढेकर की आरती प्रभू हे ज्याचे त्याने ठरवावे. सुरेश भटांचे शून्य हेही पान आहे. ते गाळले तर भट गेले. एखाद्या खोडावर एकही पान नसेल तरी ते खोड लिहायचे आणि ओळ मोकळी सोडायची, कारण तिथे कुणी नाही हीसुद्धा माहितीच आहे. शंभरी ओलांडलेले कुणी आले तर खोड १० करायचे. महर्षी कर्वे कवी असते तर १० | ४ असे एकटेच खाली बसले असते. आणि सर्वांत महत्त्वाचे, पाने सारख्या अंतरावर लिहायची. एकाने ऐसपैस आणि दुसऱ्याने दाटीवाटीने लिहिले, तर ओळींची लांबी खोटे बोलते, आणि सगळी आकृती त्या लांबीवरच तर उभी आहे.

वही आडवी धरून बघा. स्तंभालेख दिसतो. चाळिशीपर्यंत एक छोटा उंचवटा, मग पन्नाशी-साठीत ओसाड, मग सत्तरी-ऐंशीत मोठा डोंगर. आमच्या वेळच्या पुस्तकात असे चित्र काढायचे तर आधी वर्ग पाडायचे, ताळ्याच्या खुणा करायच्या, वारंवारता लिहायची आणि मग आयतालेख. वाटेत मूळ आकडे कुठे गेले ते कुणी विचारत नसे. वारंवारता सारणी म्हणजे गिरणी. एकदा पीठ झाले की कुणाची ज्वारी कुठली ते कळत नाही. खोड-पानात चित्रही मिळते आणि दाणाही शाबूत राहतो. '८०–९०, वारंवारता ६' यातून इंदिरा संत परत काढता येत नाहीत. ८ | ० ० ३ ६ ६ ७ यातून येतात.

आता या एकोणिसांची सरासरी काढली तर येते साडेपासष्टला किंचित कमी. आणि पासष्टाव्या किंवा सहासष्टाव्या वर्षी गेलेला एकही कवी यादीत नाही! चौसष्टनंतर एकदम सत्तर. सरासरी बरोबर त्या ओसाड जागेत जाऊन उभी राहते, जिथे तिला ओळखणारे कुणी नाही. वर्तमानपत्रात 'सरासरी आयुर्मान' वाचून स्वतःचे वय त्याच्याशी लावून बघणाऱ्या मित्रांना मी हल्ली ही आकृती दाखवतो. त्यांना त्याने बरे वाटते की वाईट, ते त्यांच्या वयावर आहे.

मध्यकाची मजा त्याहून जास्त. दहावीला मध्यक काढायचे जे सूत्र आहे ते ज्याने पाठ केले त्याला ते मरेपर्यंत आठवते: एल अधिक कंसात एन बटे दोन वजा सीएफ, भागिले एफ, गुणिले एच. आमच्या वर्गात निम्म्यांना सीएफ म्हणजे आधीच्या वर्गाची संचित वारंवारता की त्याच वर्गाची, याचा पेपर संपेपर्यंत निकाल लागत नसे. या कवींची वर्गवार सारणी करून ते सूत्र लावले तर मध्यक येतो ७३.७५, म्हणजे पावणेचौऱ्याहत्तर. सूत्राचा यात दोष नाही. त्याच्या हातात आकडे नसतात, नुसती संख्या असते, मग ते बिचारे अंदाज बांधते. पण आकृती समोर असेल तर अंदाज कशाला? एकोणीस जण आहेत, मधला दहावा. वरून बोटाने मोजत या: एक, दोन, तीन... दहावे पान ७ | १. बहिणाबाई. ज्या बाईने कधी शाळा पाहिली नाही, ती मराठी कवींच्या बरोबर मधोमध बसली आहे, आणि तिला शोधायला सूत्रही लागले नाही.

पाठीला पाठ लावलेली आकृतीही असते. खोड मधे, एका गटाची पाने उजवीकडे, दुसऱ्याची डावीकडे. इंग्लंडात मुलांचे आणि मुलींचे गुण असे मांडायला सांगतात. सर्वांना ते फार आवडते आणि वर्गात भांडण होते. भाचीने एकोणिसाव्या शतकात जन्मलेले कवी डावीकडे आणि विसाव्या शतकातले उजवीकडे घातले. डावीकडे बालकवी, गोविंदाग्रज, केशवसुत, माधव ज्युलियन अशी वरच्या तीन ओळींत गर्दी, आणि एकदम खाली सत्तरीत एकट्या बहिणाबाई. उजवीकडे सुरुवातच शेहेचाळीसपासून. एवढ्याशा आणि आजीने निवडलेल्या यादीवरून शतकांचे निकाल लावू नयेत हे मला कळते. पण प्लेग आणि क्षय असलेले, पेनिसिलिन नसलेले जग कसे होते, यावर ती पोरगी त्यानंतर बराच वेळ आजीला प्रश्न विचारत होती, आणि हे वृत्तालेख पाहून कुणी विचारत नाही.

या आकृतीचा आणखी एक गुण शाळेत सहसा सांगत नाहीत. ती लबाडी पकडते. आपल्याकडे उत्तीर्ण व्हायला शंभरात पस्तीस लागतात. कुठल्याही वर्गाचे गुण खोड-पानात मांडा आणि ३च्या खोडाच्या ओळीकडे बघा. ३ आणि ४ ही पाने जवळपास गायब, आणि ५ मात्र ओळीने पाच-सहा. मास्तरांच्या मनात दया कुठे उपजली ते पानापानावर दिसते. '३०–४०' असा वर्ग पाडला की ती दया बेमालूम झाकली जाते. वयांचेही तसेच. खेड्यात म्हाताऱ्या माणसांना वय विचारा; साठ, पासष्ट, सत्तर. सगळी पाने शून्य आणि पाच. जन्मतारखांची आकृती काढली तर एक जूनच्या ओळीचे काय होईल, ते शाळेत घालताना हेडमास्तरांनी ज्यांचा जन्म ठरवला त्या पिढीला सांगायला नको. आणि चपलांच्या दुकानातल्या किमती मांडाल तर उजवीकडे नुसते नऊ.

जपानमध्ये रेल्वे स्टेशनांवर वेळापत्रके याच पद्धतीने लावलेली असतात. डावीकडे तास, उजवीकडे त्या तासात सुटणाऱ्या गाड्यांची मिनिटे. सकाळी सात-आठच्या ओळी लांबलचक, दुपारी आखूड, रात्री शेवटच्या ओळीत दोन-चार. वाचायला न येणाऱ्यालाही कळते, की गर्दी कधी असते. यात पान दोन अंकी असते, म्हणून परीक्षक कदाचित नाक मुरडतील. पण 'आठ बत्तीसची फास्ट' आणि 'नऊ चारची स्लो' असे बोलत मोठा झालेला मुंबईकर ते नाक मुरडणे मनावर घेणार नाही.

मर्यादा आहेतच. दहावीच्या लाखो विद्यार्थ्यांचे गुण असे मांडायला गेलात तर कागद ठाण्याहून कसाऱ्यापर्यंत जाईल. सगळे आकडे दोन-तीन दशकांत कोंबलेले असतील तर एकेक खोड दोनदा लिहून चारपर्यंतची पाने वर आणि पाचपासूनची खाली अशी फोड करावी लागते. आकडे चार-पाच अंकी असतील तर शेपटी छाटावी लागते, आणि मग दाणा शाबूत राहतो या माझ्या बढाईला जरा तडा जातो. मोठ्या कामाला संगणक आहे, तो त्याचे त्याने करील. वीस-पन्नास आकड्यांना मात्र याहून चांगले काही मला माहीत नाही.

तेव्हा घरात पेन्सिल असेल तर विजेच्या बिलांपासून सुरुवात करा. मागच्या महिन्यांचा वापर बिलावर असतोच. ११६ युनिट असतील तर ११ | ६. पाने सारख्या अंतरावर लिहा, मोकळी ओळ गाळू नका. मे महिन्याचे पान कुठे जाऊन पडते ते घरातल्या सगळ्यांना दाखवा, आणि मग एसी किती वाजता बंद करायचा, त्यावर काय ते भांडा.